बहुमत होयचं

आमच्या सोसायटीची लिफ्ट बोलकी आहे. आत शिरलं की एक बाई हिंदीत दरवाजा बंद करायची विनंती करते. आम्ही सगळे ती ऐकून न ऐकल्यासारखी करतो. तिसऱ्या मजल्यावरचे बापूसाहेब मात्र हात वर करतात, खणखणीत आवाजात "होय!" म्हणतात आणि मगच दरवाजा ओढतात.

बापूसाहेब एकदा आमदार होते. एकदाच. त्यांच्या दारावरच्या पाटीतला 'आमदार' हा शब्द जिन्याच्या खालच्या वळणावरूनही वाचता येतो. त्याआधीचा 'माजी' वाचायला मला चष्मा लागतो.

विधानसभेत बहुतेक कायदे आवाजी मतदानाने होतात. बाजूचे असतील त्यांनी होय म्हणायचं, विरोधातले असतील त्यांनी नाही म्हणायचं. ज्या बाजूचा गलका मोठा, तिचं बहुमत. बापूसाहेबांचा आवाज दणदणीत. पक्षाला त्यांच्यात आणखी काय दिसलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

हीच पद्धत त्यांनी नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या सोसायटीत आणली. मी खजिनदार. मला हात मोजल्याशिवाय झोप लागत नाही. पण वार्षिक सभेत मी मोजायला उठेपर्यंत बापूसाहेब "होय!" म्हणून मोकळे झालेले असतात आणि पाठोपाठ "संमत, संमत, संमत!" एका सभेत पाण्याची टाकी धुवायची आणि धुवायची नाही, असे दोन्ही ठराव संमत झाले.

"बापूसाहेब, मोजू द्या ना," मी म्हणालो.

"खजिनदार, मोजणी मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं!"

त्यांचं लाडकं वाक्य निराळंच. आठ मार्चला, महिला दिनाच्या हळदीकुंकवात, ते पाहुणे म्हणून स्वतःच येतात आणि सांगतात, "महिलांच्या रक्षणाचा कायदा आला आणि मी होय म्हटलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. रेकॉर्ड काढून बघा!"

बायका टाळ्या वाजवतात आणि खोबऱ्याची वडी खातात. मी पडलो सरळ माणूस. कुणी बघा म्हटलं की मी बघतो. विधिमंडळाचं छापील कामकाज मिळवलं आणि चार-पाच रविवार त्यात घातले. प्रत्येक कायद्याखाली एकच ओळ होती: विधेयक संमत झाले. कोण काय म्हणालं, याचा पत्ता नाही. मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो.

"बापूसाहेब, रेकॉर्डमध्ये तुमचं नावच नाही."

"कसं असेल?" ते हसले. "ओरडणाऱ्याचं नाव कोण लिहितं? कुणी पोल मागितला तर उभं करून मोजतात. तेव्हा कळतं कोण कुठे. आमच्या वेळी असल्या कायद्यांना कुणी मागितला नाही."

"पण त्या दिवशी तुम्ही सभागृहात होतात का?"

"सभागृहात म्हणजे... आवारात होतो. कँटीनमध्ये. पण आपला आवाज पोहोचतो हो तिथून."

त्यांच्या दिवाणखान्यात एकच फोटो आहे, मुलीचा. सुनंदा मनमाडला असते, जावई रेल्वेत. ती कधी आलेली मी पाहिली नाही. विचारलं तर म्हणतात, "कामात असते." बायको वारल्यापासून बापूसाहेब एकटेच राहतात. मनमाडहून नाशिकला येणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ आहेत. त्यातली कुठली उशिरा धावतेय, हेही ते आपण न विचारता सांगतात.

त्यांच्याकडे आणि आमच्याकडे पोळ्यांना संगीता येते. मूळची दिंडोरीकडची. एका सकाळी ती आमच्या ओट्याशी पीठ तसंच ठेवून रडायला लागली. थोरल्या दिराने तिच्या मुलीचं, पूजाचं लग्न ठरवलं होतं. पूजा अकरावीत, वय सोळा. नवऱ्याची भावापुढे बोलायची छाती नव्हती. येत्या रविवारी गावी सुपारी फुटणार होती, आणि प्रमुख पाहुणे म्हणून बापूसाहेबांनी यायचं कबूल केलं होतं.

मी तिला घेऊन वर गेलो.

"साहेब, तुमी नुसतं नाय म्हना," संगीता म्हणाली. "भाऊबंद तुमचं ऐकतीन. पोरगी लय हुशार हाय हो."

"पण मी होय म्हणून बसलोय," बापूसाहेब म्हणाले. "तुझा दीर नारळ घेऊन आला, या म्हणाला. मी होय म्हटलं."

"मुलीचं वय विचारलंत?" मी म्हणालो.

"आमंत्रण देणाऱ्याला कुणी वय विचारतं का?"

"सोळा आहे. कायद्यात अठरा लागतं."

"तो कायदा दिल्लीचा. त्याला होय म्हणायची संधीच मिळाली नाही मला, नाहीतर..." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खजिनदार, अहो जिल्हा परिषद येतेय. त्या गावात सगळी मतं त्या दिराच्या हातात आहेत. मी काय म्हणतो, कायद्यालाही आपलं होय, लग्नालाही होय. दोन्हीकडे बहुमत आपलंच."

संगीता दाराकडे वळली. जाताना दाराशी थांबून फोटोकडे बघत म्हणाली, "सुनंदाताईंना इचारून बघा साहेब, सोळाव्या वर्षी कसं वाटतं ते." आणि पोळ्या न करताच निघून गेली.

रविवारी सकाळी बापूसाहेब फेटा बांधून माझ्या दारात उभे. "चला. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं. कोरा कागद आणि पेन घ्या."

सुपारीचा कार्यक्रम द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये होता. क्रेट भिंतीला सारून सतरंज्या घातल्या होत्या. क्रेटच्या आडोशाला नव्या साडीत पूजा बसली होती, शेजारी संगीता. बापूसाहेबांना पहिली खुर्ची मिळाली, पुढ्यात माइक.

थोरल्या दिराने देणंघेणं वाचून दाखवलं आणि विचारलं, "तर मंडळी, सोयरीक मान्य?"

शेडचा पत्रा दणाणला. "होय!"

"नाही," माइकमधून आवाज आला.

सगळे वर बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "सायेब माइक टेस्ट करून राहिले." हशा झाला.

"टेस्ट नाही. मी नाही म्हटलं."

"अवो सायेब," दीर हसत म्हणाला, "एवढी मंडळी होय म्हनली. तुमी एकलेच..."

"म्हणून मी पोल मागतो." बापूसाहेब उठून उभे राहिले. "आता गलका बंद. ज्याला मान्य आहे त्याने उभं राहायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. आमचे खजिनदार लिहून घेतील. पोरगी सोळाची आहे. असलं लग्न जुळवणारा, लावणारा, त्याला हजर राहणारा, सगळे कायद्यात येतात. यादी ग्रामसेवकाला देऊ, बालविवाह रोखायचं काम त्याचंच. हं, पहिलं नाव?"

मी पेनाचं टोपण काढलं.

कुणी उठलं नाही. खांबाला टेकून आधीपासून उभे होते, ते खाली बसले. मुलाचा मामा चपला शोधायला लागला. दीर एकेका भाऊबंदाकडे बघत गेला आणि एकेकाची मान खाली जात राहिली. शेवटी पूजाचा बाप चाचरत म्हणाला, "राहू दे दादा. दोन वरसांनी बघू."

दिराने माइक बाजूला ढकलला. "सायेब, येत्या विलेक्शनला या गावात पाय ठिऊ नका!"

"होय," बापूसाहेब सवयीने म्हणाले.

क्रेटमागून पूजाचा आवाज ऐकू आला. "आये, मंग उद्या कॉलेजला जाऊ?"

निघताना आम्ही ग्रामसेवकाला सगळं सांगितलंच. माणसांची मतं दोन दिवसांत बदलतात, हे सोसायटीत राहून मला माहीत आहे. त्याने आमच्यासमोर बापाकडून हमी लिहून घेतली.

परतीला दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे मागे पडत होते. बापूसाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला होता.

"खजिनदार, कागदावर काय लिहिलंत?"

"काहीच नाही. होयच्या बाजूने कुणी उभंच राहिलं नाही."

"आणि नाहीच्या?"

"ते तुम्ही विचारलंच नाहीत."

"माझं नाव लिहा. जन्मात एक तरी नोंद असू दे."

मी गाडी कडेला घेतली आणि कागदावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. घडी घालणार तेवढ्यात त्यांनी हात धरला.

"थांबा. खाली सुनंदाचं लिहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

"तिच्या सुपारीत, मंडळी मान्य का, हे मीच विचारलं होतं. सगळे होय म्हणाले. तिला शाळा सोडायची नव्हती. आतल्या खोलीतून ती नाही म्हणाली. मला ऐकू आलं होतं. पण एकटीचा आवाज होता. मी म्हटलं, बहुमत होयचं."

मी नाव लिहिलं. पुढे हात थबकला आणि सवयीने तोंडातून गेलं, "वय?"

त्यांनी सांगितलं, पण इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं.

"सोळा," ते म्हणाले.