येथून पुढे वाहणे बंद

ऋजुता कापगतेला वाटलं होतं, पाटी लागली की गाड्या थांबतील. प्रत्यक्षात नदी थांबली.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला थांबली. तोवर पळसण नदी डोहगावच्या रपट्यावरून, म्हणजे पाण्यातच टेकलेल्या त्या बुटक्या पुलावरून, बारा महिने वाहत असे. ती कधी थांबेल असं गावात कुणाच्या मनात आलं नव्हतं. पण थांब असं तिला आजवर कुणी सांगितलंही नव्हतं.

ऋजुता चार वर्षं हॉलंडमध्ये रस्त्यांचं शास्त्र शिकून आली होती. तिथे सायकलींचे वेगळे रस्ते असतात आणि त्यांच्यावर मोटार दिसलीच तर लोक आधी मोटारवाल्याच्या तब्येतीची चौकशी करतात. आपल्याकडे नदी आहे, रान आहे, एका तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की दुसरा दिसतो. मग असा रस्ता आपल्याकडे का नसावा, या प्रश्नानं तिला तिकडे स्वस्थ बसू दिलं नाही. ती परत आली आणि डोहगावला काकांकडे उतरली. डोहगाव ते रानतलाव, नदीच्या काठाकाठानं जंगलातून जाणारी सोळा किलोमीटरची वाट तिनं मोजली. ग्रामपंचायतीनं पहिल्याच बैठकीत ठराव मंजूर केला, कारण त्यात कुणालाच काही करायचं नव्हतं. फक्त एक पाटी लावायची होती. रविवारी नागपूरहून तेवीस सायकलस्वार येणार होते. ही पहिली सफर नीट पार पडली तर वनखातं पुढच्या सहा तलावांच्या वाटाही तिला देणार होतं. पडली नाही तर तिला, मनात नसलं तरी, पुण्यातल्या एका कचेरीत पार्किंगचे आराखडे काढायला जावं लागणार होतं.

पाटीचा मजकूर तिनं स्वतः लिहून दिला होता: ‘येथून पुढे वाहने बंद. आदेशावरून.’ रंगवली डुलीचंद पेंटरनं. पाटी रपट्याच्या टोकाला नदीकडे तोंड करून लावायची हा आग्रह ऋजुताचा, म्हणजे सायकलस्वारांच्या फोटोत पाटीही येईल आणि पाणीही.

गुरुवारी ग्रामसेवक हटवारांनी नारळ फोडला आणि आदेश वाचून दाखवावा लागतो, वाचल्याशिवाय तो लागू होत नाही, असं सांगितलं. शिकलेली म्हणून ऋजुतालाच पुढे केलं. तिनं पाटीवर होतं तेच, खणखणीत आवाजात आणि एकेक अक्षर सुटं करून वाचलं.

“येथून पुढे वाहणे बंद. आदेशावरून.”

चूक तिच्या लक्षात आली ती वाचून झाल्यावर. तोवर पायाखालचा खळखळाट थांबला होता.

पाणी सांडलं नाही, फुगलं नाही, काठावर चढलं नाही. शिधावाटप दुकानासमोर माणसं उभी राहतात तसं पाटीच्या रेषेपाशी एकामागे एक उभं राहिलं. मागून येणारं पाणी आधीच्या पाण्याला विचारून मागे थांबत होतं. आतली एक मरळ मासळी पुढे येऊन पाटी पाहून गेली. रेषेच्या पुढे गेलेलं पाणी तेवढं, आदेशाच्या आधीच निघालेलं असल्यामुळे, रानतलावाकडे निघून गेलं. तासाभरात खाली स्वच्छ खडक उघडा पडला.

जमलेल्या लोकांनी खोबरं खाल्लं. नदी शिस्तीची निघाली एवढंच जो तो म्हणाला.

गाड्यांचं मात्र उलटंच झालं. रपटा कोरडा पडल्यामुळे पलीकडच्या गावच्या ज्या गाड्या लांबच्या पुलानं जायच्या त्याही इकडून येऊ लागल्या. टेकराम नावाच्या ट्रॅक्टरवाल्याला ऋजुतानं हात दाखवून अडवलं तेव्हा त्यानं इंजिन बंद करून, खाली उतरून, शांतपणे पाटी वाकून पाहिली.

“ताई, पाटीचं तोंड नदीकडे आहे,” तो म्हणाला. “नदी ऐकूनही राहिली. आता आमाला काऊन अडवता?”

हॉलंडमध्ये असं कुणी विचारलं नव्हतं. ऋजुतानं हात खाली घेतला.

ती डुलीचंदकडे गेली. तो अंगणात दुसऱ्या एका पाटीवर काम करत होता. आपण ‘न’ लिहून दिला होता, त्याचा ‘ण’ कसा झाला, असं तिनं विचारलं. डुलीचंदनं ब्रश खाली ठेवला. शाळेत मास्तरांनी त्याला ‘पानी’ लिहिलं म्हणून मारलं होतं, ‘लोनी’ लिहिलं म्हणून मारलं होतं, आणि पुढे एका लग्नाच्या कमानीवर ‘आपन सर्वांचे स्वागत’ लिहिलं म्हणून तालुक्याचे लोक वर्षभर हसले होते.

“तुमी परदेशातून शिकून आलेल्या,” तो म्हणाला. “म्हटलं, रुजुताबाईच्या कामात ‘न’ची चूक राहू द्याची नाही. ‘वाहने’त ‘न’ दिसला, ‘पानी’सारखा, तिथं ‘ण’ टाकला जी.”

“ते बरोबर होतं, डुलीचंदभाऊ.”

“असंल. पण माझ्या हातचं ते बरोबर कोनाला वाटलं नसतं.”

त्याच दुपारी ती हटवारांच्या टेबलासमोर बसली. हटवार सरळ माणूस होते. त्यांनी ठरावाची फाईल काढली, पाटीचा फोटो जोडला आणि अक्षर बदलता येणार नाही असं सांगितलं. लावलेल्या आदेशावर रंग मारणं म्हणजे खाडाखोड. शुद्धिपत्रक काढता येईल, त्याला पंचेचाळीस दिवस लागतील, त्यात आधी हरकती मागवाव्या लागतील.

पाटी काढून टाकली तर, असं ऋजुतानं विचारलं.

“मग आदेश राहील आनि दिसनार नाही,” हटवार म्हणाले. “त्यानं लोक घाबरतात.”

“पण नदी अडली आहे ना, साहेब.”

“नदीची हरकत आली आहे का? नाही. नदी पालन करते आहे. पालन करनाऱ्यावर कारवाई कशी करनार?” मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी कपाटातून एक जुनी पुस्तिका काढली आणि तिच्यात एक कलम शोधलं. वाचनात त्रुटी राहिली असेल तर ज्यानं वाचलं त्यानंच, त्याच ठिकाणी, त्याच आवाजात पुन्हा वाचावं. दुसऱ्याचं वाचन ग्राह्य नाही. आणि जे लिहिलं आहे तेच वाचावं.

जे लिहिलं आहे तेच तर वाचलं, त्रुटी वाचनात नाहीच, असं म्हणून ऋजुता उठली. हटवारांनी पुस्तिका मिटून परत कपाटात ठेवली.

शुक्रवारी सकाळी तिनं निराशेनं सायकल काढली आणि काठावरच्या वाटेला लागली. समोरून तीन ट्रॅक्टर, दोन जीपगाड्या आणि वऱ्हाडाचा एक टेम्पो आला. चौथ्या ट्रॅक्टरला वाट देताना ती काठावरून घसरत थेट नदीच्या पात्रात उतरली, आणि तिथे तिला कळलं की आपला रस्ता आपल्याला मिळाला आहे.

पळसणचं पात्र म्हणजे सपाट, गुळगुळीत, घासून घासून तयार झालेला खडक. चाक त्यावरून आवाज न करता पळत होतं. दोन्ही बाजूंना सागाचं रान, मध्ये मध्ये बांबूची बेटं, खालच्या फांद्यांवर बसून रिकाम्या पात्राकडे पाहत असलेले खंड्या पक्षी. गाडीला इथे उतरायला उतारच नव्हता. एकही हॉर्न नाही. वळणावळणावर डोह तेवढे भरून राहिले होते, आणि ते वाहत नसल्यामुळे नियमात बसत होते. आठव्या किलोमीटरला एक नीलगाय आडवी आली, थांबली, सायकलला जाऊ दिलं आणि मग गेली. ऋजुता हसत सुटली. हॉलंडमध्येही तिनं असा रस्ता पाहिला नव्हता. शुद्धिपत्रकाला पंचेचाळीस दिवस लागणार, हे तिला एकदम फार बरं वाटू लागलं. तिनं उभ्या उभ्या फोन काढून नागपूरला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, मार्ग तयार आहे.

सोळाव्या किलोमीटरला रानतलाव आला. किंवा यायला हवा होता तिथे अजून चिखलच होता. तलाव जरा पलीकडे सरकलेला. त्याच्या कडेला आडवा लावलेला डोंगा, म्हणजे एका खोडाची होडी, निम्मा कोरड्यात होता, आणि त्यात बसून पारबताबाई शिंगाड्याचा एक वेल हातात धरून पाहत होत्या. रानतलावातला शिंगाडा काढण्याचा यंदाचा हक्क त्यांचा होता. ऋजुता लहान असताना त्यांनी तिला याच डोंग्यात बसवून फिरवलं होतं.

“ये वं,” त्या म्हणाल्या. “नदीतून आलीस?”

ऋजुतानं मान हलवली. घाटाच्या पायऱ्यांकडे पाहून पारबताबाईंनी हिशेब सांगितला. काल सकाळपासून तीन पायऱ्या उघड्या पडल्या. खालच्या धानाला पाणी सुटतं ते सुटतंच, वरून मात्र थेंब येत नाही. उद्यापर्यंत आणखी तीन, परवा वेल चिखलात बसेल. पहिली तोड आठ दिवसांवर होती.

पाटीत चूक झाली, मावशी, असं ऋजुतानं सांगितलं, आणि काय चूक ते समजावून द्यायला लागली.

“मालूम आहे ना,” पारबताबाई म्हणाल्या. “वाहने बंद.”

“वाहने नाही. पाटीवर वाहणे आहे.”

“तेच म्हनते मी. वाहने.”

“वाहने वेगळं, मावशी. वाहणे वेगळं.”

“आता दोन्ही वेळा तू काय म्हटलीस ते तुलाच मालूम. आमाला एकच ऐकू येते. वाहने.”

ऋजुता सायकलला टेकून उभी राहिली. डोहगावात तिच्याशिवाय कुणीही ती पाटी वाचली असती तर नदी थांबली नसती. हटवारांनी नाही, टेकरामनं नाही, लिहिणाऱ्या डुलीचंदनंसुद्धा नाही. सगळ्यांनी समोरचा ‘ण’ जसा जन्मापासून वाचत आले तसाच, म्हणजे ‘न’, वाचला असता, गाड्यांसाठी. ती दहा वर्षांची असेपर्यंत तीही तसंच वाचायची. मग पुण्याच्या शाळेच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी तिनं ‘पानी कुठे आहे’ असं विचारलं होतं, आणि मुलींनी आठवडाभर तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला होता. एका सहामाहीत तिनं ‘ण’ असा शिकून घेतला की बाई इतरांना तिचा दाखला द्यायच्या. त्यानंतर तिचा ‘ण’ एकदाही चुकला नव्हता. हॉलंडमध्ये स्वप्नातसुद्धा नाही.

“ज्यानं वाचलं त्यानंच पुन्हा वाचायचं असतं ना?” पारबताबाईंनी विचारलं. हटवारांचं कलम गावभर झालं होतं. “मग तू वाच. आमच्यावानी वाच.”

“जे लिहिलं आहे तेच वाचावं लागतं, मावशी.”

“तेच वाच ना. आमी काय दुसरं वाचतो?”

ऋजुतानं मागे वळून पात्राकडे पाहिलं. खडकावर तिच्या चाकांची एकच ओली रेघ गेली होती. रविवारी तेवीस लोक यायचे आहेत, फक्त रविवार होऊ द्या, सोमवारी सकाळी वाचते, असं तिनं सांगून पाहिलं. सांगताना ती पारबताबाईंकडे न पाहता वेलाकडे पाहत होती.

“शिंगाडा इतवारपर्यंत थांबत नाही, बाई,” पारबताबाई म्हणाल्या. “त्याला पाटी वाचून कोनी दाखवली नाही.”

त्यांनी वेलाचा एक शिंगाडा तोडला, काटे दातांनी काढले आणि सोलून तिच्या हातावर ठेवला. आत फळ नव्हतं, दुधासारखं पांढरं पाणी होतं. कच्चा आहे, पिऊन टाक, असं त्या म्हणाल्या. डोंगा कोरड्यात होता, तरी त्यांनी वल्हं हातातून सोडलं नव्हतं.

परत येताना ऋजुतानं सायकल हातात धरून आणली. सोळा किलोमीटर चालायला तिला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. रस्ता तितकाच गुळगुळीत होता.

शनिवारी सकाळी ती रपट्यावर गेली ती पायीच. नदी रेषेपाशी तशीच उभी होती, फक्त मागची रांग आता वळणापलीकडे गेली होती. डुलीचंद आधीच येऊन खांबाशी बसला होता. ऋजुतानं नागपूरला निरोप पाठवला: मार्गात बदल. काठावरून यावं लागेल. ट्रॅक्टर असतील. घंटी आणा. मग रपट्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या टेकरामला तिनं ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगितलं.

“आदेश?” टेकरामनं विचारलं.

“वाचते आहे.”

“नदीसाठी का आमच्यासाठी?”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “नदीसाठी तो नव्हताच.”

टेकरामनं पाटीकडे पाहिलं, पाण्याच्या रांगेकडे पाहिलं, आणि इंजिन सुरू केलं. तो निघाला तो कुठल्या बाजूला, हे तिनं पाहिलं नाही.

ती काठावर बसली आणि हळू आवाजात म्हणू लागली, पानी, लोनी, कोनी. पहिल्यांदा जीभ वळून वर टाळूला लागली. दुसऱ्यांदा मध्येच अडकली. डुलीचंद दुसरीकडे तोंड करून ऐकत होता. “थोडी सैल सोडा जी,” तो म्हणाला, आणि तिनं सोडली.

तिसऱ्यांदा जमलं. मग ती उठून पाटीशेजारी उभी राहिली. दहा वर्षांची असताना वाचलं असतं तसं वाचायचं, एवढं तिनं ठरवलं होतंच. पण दोन दिवस तिष्ठत ठेवलेल्या नदीसमोर एकदम आदेशावर येणं तिला बरं वाटेना. म्हणून आधी नदीची खुशाली विचारावी असं ठरवून ती तिच्याकडे वळली.

“का जी,” ती म्हणाली, “पानी बरं आहे ना?”