वहिनींचं इंग्रजी आणि भाऊजींची दाढ

रविवारी सकाळी नखं कापता कापता शेजारचे भाऊजी वहिनींना सहज म्हणाले, "तुझं इंग्रजी जरा घासूनपुसून देऊ का?" तिथेच सगळं बिघडलं. गुपचूप नखं कापली असती, तर आज त्यांच्या तोंडात एक दाढ जास्त असती.

झालं होतं असं, की कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला आणि पेशंट आत-बाहेर सोडायला बाई हवी होती. वहिनी जाऊन भेटून आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी या, काम बघू. जमलं तर नोकरी तुमची." लेक कॉलेजात गेल्यापासून वहिनींना दुपारचं घर खायला उठायचं. ही नोकरी त्यांना अगदी मनापासून हवी होती. शनिवारपासून पर्स तीनदा रिकामी करून पुन्हा भरून झाली होती.

धास्ती एकच. तिथे नुसतं इंग्रजी बोलणारेही पेशंट येत. आता वहिनींचं इंग्रजी म्हणजे, "यस प्लीज, टुमॉरो कम, टुडे नो टाइम." व्याकरण कुठे शोधून सापडायचं नाही, पण समोरच्याला नेमकं कळायचं आणि वर तो हसायचा. वहिनींना त्याची कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती भाऊजींना. ऑफिसात ते हेडक्लार्क. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. सारख्या दिसणाऱ्या शब्दांतला फरक कळला की इंग्रजी आलंच, असं त्यांचं ठाम मत. शब्द एकटा शिकवायचाच नाही, जोडीनं शिकवायचा.

"लूज म्हणजे?"

"ढिला."

"आणि लूझ?"

"हरवणं."

"शाब्बास! आता दातावर वाक्य कर."

वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "पेशंटचा दात हरवला."

"अगं, ढिला झाला!"

"मग हरवला कधी?"

"ढिला झाल्यावर!"

"बाबा, म्हणजे आईचं बरोबरच आहे, फक्त थोडं पुढचं आहे," लेक आतून ओरडली. तिला अभ्यासाला बसवण्यात आलं.

दुपारपर्यंत फ्रिजवर, पिठाच्या डब्यावर, बाथरूमच्या आरशावर जोड्या चिकटल्या. (आमच्यात भिंत एकच, तीही पातळ, त्यामुळे सगळ्या जोड्या माझ्याही पाठ झाल्या.) आणि गंमत बघा, वहिनी जन्मभर 'पेशंट' म्हणत आल्या होत्या, कधी अडल्या नाहीत. आता तोंडाशी आलेला शब्द तिथेच थबकायचा. पेशंट म्हणजे आजारी माणूस, की पेशन्समधला तो धीर? क्वाएट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे बरंच, की उलट? दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे केले की ते हातात हात घालून येत, आणि कुठला कोण ते काही कळेना.

संध्याकाळी पार्सलवाल्याचा फोन आला. तो इंग्रजीत विचारत होता, घरी कुणी आहे का. एरवी वहिनींनी "यस, कम" म्हणून फोन ठेवला असता. आज त्यांनी फोनवर हात धरला.

"अहो, हिअर म्हणजे इथं, की ऐकणं?"

"दोन्ही! स्पेलिंगवर आहे ते."

"पण फोनवर स्पेलिंग कुठं दिसतं?"

हा प्रश्न भाऊजींना इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात पार्सलवाला परत गेला. पार्सलात भाऊजींचेच बूट होते.

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, सकाळी मला येत होतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "आता काहीच येत नाही."

बायकोचं चांगलं चाललेलं इंग्रजी आपण एका दिवसात बंद पाडलं, हे भाऊजींना लख्ख कळलं. पण चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. ती दुरुस्त करणं आहे. म्हणून सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहिनींच्या मागोमाग दवाखान्यात जाऊन, पेशंट म्हणून, फोनच्या टेबलासमोरच्या सोफ्यावर बसले. वहिनी अडल्या की खुणेनं सांगायचं, असा बेत.

या बेतानं उरलंसुरलंही गेलं. फोन वाजला की वहिनी आधी भाऊजींकडे बघायच्या. पलीकडून माणूस हॅलो हॅलो करायचा. भाऊजी कधी दात धरून गदागदा हलवायचे, कधी खिसे चाचपायचे, कधी कानाशी हात नेऊन जमिनीकडे बोट दाखवायचे. वहिनी आणखी गोंधळायच्या, भाऊजींना आणखी घाम फुटायचा. दोन फोन असेच कटले. तिसरा वाजला तेव्हा वहिनींचे डोळे भरून आले होते, आणि भाऊजी सोफ्यावरून अर्धे उठून दोन्ही हातांनी जबडा हलवत होते.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"अरे देवा! किती वेळ बसवून ठेवलंय यांना? आधी आत घ्या!"

"नाही, मी म्हणजे..." भाऊजी म्हणाले.

"बोलू नका, त्रास वाढेल." आणि कंपाउंडरनं दंडाला धरून त्यांना आत नेलं.

खुर्ची मागे गेली, दिवा डोळ्यांवर आला, तोंडात कापूस, नळी आणि आरसा एकदमच शिरले. दार बंद झालं. बाहेर तिसरा फोन अजून वाजतच होता. आता बघायला सोफ्यावर कुणी नाही, विचारायला कुणी नाही. संपलं. गेली बिचारीची नोकरी, आपल्यामुळे गेली.

वाजणं थांबलं. मग बाहेरून आवाज आला, खणखणीत.

"यस प्लीज! टीथ पेनिंग? डोन्ट वरी. टुडे कम!"

पेनिंग? सवयीनं भाऊजींचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, पण कंपाउंडरनं तो खाली दाबला. पलीकडचा माणूस हसला असावा, कारण वहिनीही हसल्या. "यस यस, डॉक्टर व्हेरी गुड. नो पेन. कम फास्ट!"

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आली! सगळं परत आलं! आनंदानं त्यांनी जोरजोरात मान हलवली, हो, हो, हो!

"ठीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. कारण नेमकं तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, मागची दाढ पार किडली आहे, आत्ताच काढून टाकू का?

थोड्या वेळानं भाऊजी सुजलेला गाल धरून बाहेर आले, तेव्हा बाहेरचा सोफा पेशंटांनी भरला होता आणि वहिनी एकीशी तिच्या सुनेबद्दल बोलत होत्या, अर्थात इंग्रजीत.

"उद्यापासून रोज या," डॉक्टरबाई वहिनींना म्हणाल्या. "समोर एक माणूस एवढे हातवारे करत होता, तरी तुम्ही जागा सोडली नाहीत. घाबरलेले पेशंट सांभाळणं सोपं नाही. तुमच्या ओळखीचे आहेत का हे?"

भाऊजींनी आशेनं बायकोकडे पाहिलं. वहिनींनी त्यांना एकदा नीट निरखलं.

"नो डॉक्टर," त्या म्हणाल्या. "न्यू पेशंट."

डॉक्टरबाई हसत आत गेल्या. जाता जाता सांगून गेल्या, कापूस दाबून धरा, दोन तास तोंड उघडायचं नाही. मग वहिनींनी खुर्ची सरकवली, घसा साफ केला आणि नव्या पेशंटला नियमाप्रमाणे इंग्रजीत समजावून दिलं.

"मिस्टर, माउथ क्लोज. टू डेज."

तास आणि दिवस यांतला फरक भाऊजींना उत्तम माहीत होता. पण तो सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.