नागाप्पाण्णांचे फुटलेले पत्रे

रामनगरच्या बाजारात पत्रे, खिळे आणि सिमेंट विकणारे नागाप्पाण्णा माणसांना जीएसटीच्या दराप्रमाणे लावून ठेवतात. दुधाला कर नाही, म्हणून त्यांची आई शून्यात. बायको पाचात. गावातला एक पुढारी अठ्ठावीसमध्ये, कारण सिमेंट तेव्हा अठ्ठावीसमध्ये होतं आणि अण्णांच्या मते दोघंही एकदा चिकटले की निघत नाहीत. मी बारात होते. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तू छत्रीसारखी हायस, बीकॉम. लागतीस, पण रोज न्हाई."

बीकॉम म्हणजे मी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा जन्मभर जंगलात बांबू तोडायला गेले, आणि त्यांच्या मुलीच्या नावाची पाटी आज बसस्टँडजवळच्या खोलीवर आहे. कुणी विचारो न विचारो, मी हे सांगते. त्या खोलीत बसून मी आसपासच्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशोब करते आणि रिटर्न भरते.

मध्ये सरकारनं बारा आणि अठ्ठावीस हे दोन्ही दर काढून टाकले. दुकानदार खूश झाले, अण्णांची मात्र पंचाईत झाली. छत्रीबरोबर मी पाचात आले, त्याचं काही नाही. पण सिमेंट अठरात आलं, म्हणजे पुढाऱ्यालाही अठरात आणायचं? "माणूस काय सुधारलेला न्हाई, मग दर का उतरवायचा?" ते मला विचारत होते, जणू दर मीच ठरवते.

त्यांचा दुसरा नाद बिलाचा. काहीही हातात घेतलं की पहिला प्रश्न, "बिल हाय काय?" उळवीच्या जत्रेत त्यांनी चुरमुरेवाल्याकडं बिल मागितलं. सुट्या चुरमुऱ्यावर कर नाही, हे मी त्यांना गर्दीत ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय की. पण न्हाई म्हणून तरी लिहून दे म्हण." चुरमुरेवाल्यानं अर्धं कानडीत, अर्धं मराठीत जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी हसत होते आणि अण्णा तिथंच उभे राहून शांतपणे चुरमुरे खात होते.

लोक त्यांना चक्रम म्हणतात. मला कारण माहीत आहे. सुपा धरणात त्यांचं गाव बुडालं तेव्हा ज्याच्याकडं जमिनीचा कागद होता त्याला भरपाईचं काहीतरी मिळालं. यांच्या बाबानं कागद चुलीवरच्या फळीवर ठेवला होता आणि तो वाळवीनं खाल्ला. तेव्हापासून कागद म्हटलं की अण्णा कुणाचं ऐकत नाहीत.

या कागदापायीच त्यांचा सख्खा भाऊ तुटला. परशा धाकटा, गणेशगुडीच्या पलीकडं भातशेती करतो. त्यानं घर बांधायला काढलं तेव्हा तो थोरल्या भावाच्या दुकानात आला आणि म्हणाला, पत्रे बिलाशिवाय दे, म्हणजे वरचा अठरा टक्के कर वाचेल. बाजारात अर्धे लोक हेच करतात. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बिलाशिवाय खिळाबी मिळायचा न्हाई. परशा पायरी उतरला, खानापूरकडून पातळ पत्रे आणले, आणि परत कधी त्या दुकानाची पायरी चढला नाही.

आता थोडं माझ्या कामातलं सांगते. दुकानदार माल विकत घेताना जो कर भरतो, तो त्याला पुढं विक्रीच्या करातून वजा मिळतो. पण माल फुटला, कुजला किंवा फुकट दिला, तर ती वजावट सरकारला परत करावी लागते. माझे बाकीचे दुकानदार असे आहेत की त्यांच्याकडं कधी काही फुटतच नाही. अण्णा मात्र स्वतःहून येऊन सांगतात. सिमेंटची पोती भिजली, लिही. पाइप चिरला, लिही. आणि दर पावसाळ्याच्या तोंडाला, "पत्रे फुटले, लिही."

पहिल्यांदा मी लिहिलं. दुसऱ्या वर्षी हात थांबला.

"अण्णा, तुमचे पत्रे लोखंडाचे ना? लोखंड फुटतंय कसं?"

"फुटतंय. आमच्याकडचा पाऊस लय वाईट."

"पाऊस अजून आलाच नाही."

"येणार हाय न्हवं? तू लिही."

मी लिहिलं. पत्रे त्यांचे, कर परत भरणार ते. पण पदवीधर माणसाच्या हातून असलं काही लिहिलं जावं, याचा मला रागच आला होता.

गेल्या महिन्यात परशा माझ्या खोलीवर आला. तिकडं नदीवर होडीत बसायला पाहुणे येतात, म्हणून त्यानं घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या. त्याला जीएसटी बसतो काय, एवढंच विचारायचं होतं. मी त्याच्या धंद्याचा अंदाज मांडला आणि सांगितलं, एवढ्या कमाईला नोंदणी लागत नाही. तो निवांत झाला आणि बोलायला लागला. खोल्यांचा खर्च झाला, पण छपराचा झाला नाही म्हणाला. पंचायत चांगली आहे, दर पावसाळ्याआधी टेम्पोतून पत्रे पाठवते. जुने पातळ पत्रे वाऱ्यानं उडायचे. आता सगळं छप्पर जाड पत्र्याचं झालं.

पंचायतीची अशी योजना माझ्या तरी ऐकण्यात नव्हती.

मग त्यानं खिडकीतून समोरच्या दुकानाकडं बोट केलं. "आणि तो बघा, सख्खा भाऊ. परकी पंचायत बरी, बाई."

अण्णांचं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी ते गिळलं. तो गेल्यावर रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि अण्णांना एवढंच म्हटलं, "परशुराममामा आले होते. पंचायतीचं लय कौतुक केलं."

अण्णांनी तराजूवरचे खिळे परत डब्यात ओतले.

"सांगितलंस काय त्याला?"

"न्हाई."

"सांगू नको. कळलं तर उपटून टाकील. आमचा बाब तसाच हुता." मग हळूच म्हणाले, "गळत न्हाई न्हवं?"

गळत नाही म्हटलं. आणि माझ्यातली बीकॉम काही गप्प बसेना. फुकट दिले असं लिहिलं असतं तरी कर तेवढाच परत भरावा लागला असता, मग फुटले असं खोटं कशाला सांगितलंत, म्हणून मी विचारलं.

"भावाला फुकट दिलं म्हणून लिहू? भावाला कोण फुकट देतंय, पोरी? द्यायचंच असतंय."

अण्णा बाहेर बघत होते. परशा ज्या बसनं गेला, तिची धूळ अजून रस्त्यावर होती.

"त्या दिवशी बिल करायचं आणि वरचा कर माझ्या खिशातनं भरायचा. बिलबी झालं असतं, भाऊबी राहिला असता. एवढं सोपं. पण तो पायरी उतरल्यावर डोक्यात आलं. हाक मारायची, तर बाजार बघत हुता."

मी म्हटलं, आता मारा, मी बोलवून आणते. ते नको म्हणाले. आता आला तर काय बोलायचं, तेच ठाऊक न्हाई म्हणाले. मी उठायला लागले तसं त्यांनी विचारलं, "केस पिकले काय त्याचे?"

"कानावरचे पिकलेत."

"व्हय," अण्णा म्हणाले, "आमच्यात आधी कानावरचेच पिकतात," आणि त्यांचा हात स्वतःच्या कानामागं गेला.