बारदाना वजा करून

आबांनी पहिल्याच भेटीत माझं वजन सांगितलं. लिफ्टमध्ये, चार लोकांसमोर. वरून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बावन्न. लॅपटॉप धरून चोपन्न." आकडा बरोबर होता, हे जास्त वाईट. तेव्हापासून मी जिन्यानं जाते.

काशिनाथआबा लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होते. धान्याची पोती काट्यावर चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं. आजी वारल्यावर मुलानं आबांना उस्मानपुऱ्यात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आणलं. काटा तिकडंच राहिला, नजर सोबत आली. टरबूज, गॅस सिलिंडर, सोसायटीचे सेक्रेटरी, आबा काहीही नजरेनं तोलतात. मोजताना 'एक' म्हणत नाहीत. बाजाराच्या रीतीनं पहिलं माप 'लाभ', मग दोन, तीन. बीपीच्या गोळ्यासुद्धा लाभपासून सुरू होतात.

फक्त नातीच्या बाबतीत ही नजर चुकायची. ईश्वरी नऊ वर्षांची. शाळेत जाणं-येणं रिक्षानं, मग क्लास. खाली खेळावं तर सगळीकडे गाड्या लावलेल्या. आईबाबा ऑफिसातून येईपर्यंत ती आणि आबा टीव्हीसमोर, मध्ये वेफर्स आणि आबांची रोजची जिलबी. कुणी तिचं वजन विचारलं की आबा चटकन सांगायचे, "अठ्ठावीस." दोन वर्षं अठ्ठावीसच.

मग शाळेत वजनं झाली. ईश्वरीचं त्रेचाळीस भरलं, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाईना. त्यांचं दार उघडं होतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"आबा, खाऊ बंद करा तिचा," सूनबाई म्हणाल्या.

"त्रेचाळीस पोरीचं नाय, सूनबाई. बारदाना हाये त्यात." बारदाना म्हणजे रिकामं पोतं, त्याचं वजन मालातून वजा करतात. "रिक्षा वजा कर. टीव्ही वजा कर. तुम्ही घरी नसता म्हणून आणता ते वेफर वजा कर."

"आणि जिलबी?"



संध्याकाळी आमची बेल वाजली. आबांच्या हातात जिलबीचा पुडा. "माय, हे तू खा. पाव किलो हाये." पण ते गेले नाहीत. पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "दिसतं मला, किती भरली ते. पण जिलबीबिगर ती माझ्यापाशी बसंल व्हय?"

सुचलं ते बोलले, "तिला जिन्यानं खाली न्या, आबा. मी रोज जाते. तिथं कुणी वजन सांगत नाही."

आबा खूप हसले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते धोतर आणि नवे कॅनव्हास बूट अशा थाटात जिन्यापाशी उभे होते. त्यांनी एकदाच हाक मारली. आतून टीव्हीचा आवाज येतच राहिला. आबा कठडा धरून उभे. मी दाराच्या फटीतून बघत होते.

टीव्ही बंद झाला. ईश्वरी बाहेर आली, एका बुटाची नाडी सुटलेली. तिनं आबांच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग त्यातला एक धरला.

"आबा, खालपर्यंत किती पायऱ्या आहेत?"

"न मोजता कसं सांगू?"

जिन्यातून पहिला आवाज तिचाच आला, बाजारात घुमावा तसा, "लाभ!"