ज्येष्ठेचे डोळे

आदिलाबादजवळच्या मावल्याच्या रविकांत मास्तरांनी महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे भांडून घरी आणले होते, आणि आता त्यातल्या थोरलीला, म्हणजे ज्येष्ठेला, डोळेच उरले नव्हते.

भांडून म्हणजे अगदी भांडून. बारा वर्षं मुखवटे वांकिडीला थोरल्या भावाकडे, उद्धवरावांकडे होते. "आमाले काऊन नाही?" असं मास्तरांनी यंदा आईला, गयाबाईंना, विचारलं आणि पाळी मिळवली. तेव्हा भाग्यलक्ष्मी वहिनींचं तोंड एवढंसं झालं. मुखवटे फडक्यात बांधून देताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुसू बी नका. हायेत तशेच बसवा."

"आमाले काई समजत नाही असं वाटते त्याईले!" मास्तर घरी येऊन करवादले. जरा काही बिघडलं की मुखवटे कायमचे वांकिडीला परत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांना मुखवटे असे लखलखवायचे होते, की वहिनींनी बघतच राहावं.

"मी चिंचेनं घासून देतो ना," बायको तेजस्विनी म्हणाली.

"चिंच? नाजूक काम हाय ते!" मास्तर आदिलाबादच्या बाजारातून पॉलिशची बाटली घेऊन आले. दुकानदारानं बजावलं होतं, "सर, पहले पीछे थोड़ा लगा के देखो. कपड़ा काला हुआ तो समझो मैल निकला."

मास्तरांनी थोरलीच्या मुखवट्याच्या मागं लावून पाहिलं. पितळ सोन्यासारखं झळकलं. आता मागच्या बाजूला देवीला डोळे नसतात, ही गोष्ट एम.ए., बी.एड. माणसाच्याही ध्यानात आली नाही, त्याला कोण काय करणार! त्यांनी समोरून हात फिरवला. कापड काळंकुट्ट झालं. मास्तर खूश. "पाहा, कसा मळ निघून राह्यला!"

तेजस्विनीनं पाहिलं. "अहो, थोरलीचे डोळे कुठं गेले?"

डोळे कापडावर होते.

मास्तरांनी कापड उलटंसुलटं करून पाहिलं. तेवढ्यात सणाला निघालेल्या उद्धवरावांचा फोन. "आमी उटनूर सोडलं बरं का!"

म्हणजे हातात फार तर दीड तास. मास्तरांनी शाळेचा मार्कर काढला आणि घाईघाईनं डोळे काढले. चकचकीत पितळावर शाई ठरेना. ती गालांवरून ओघळली आणि सणाच्या दिवशी ज्येष्ठा ढसाढसा रडल्यासारखी दिसू लागली.

"पुसा, पुसा आधी!" तेजस्विनी रडवेली झाली. "वहिनी माहेरापर्यंत सांगतीन आपली फजिती!"

मग मास्तर हायवेवर पळाले आणि लॉऱ्या रंगवणाऱ्या प्रवीणला गाडीवर बसवून घेऊन आले.

"डोळे ना सर? आपला हात बसला हाय. रोज लॉरीच्या मागं काढतो."

"अरे, पण ही देवी हाय, लॉरी नोहे!"

"ब्रश तोच हाय ना सर."

प्रवीणनं मन लावून डोळे काढले. टपोरे, कानापर्यंत गेलेले, वर पापण्यांची झालर. शेजारी कनिष्ठा बिचारी अर्धे डोळे मिटून शांत, आणि थोरली ओव्हरटेक करणाऱ्याकडे बघावं तशी बघत होती. मास्तरांनी पुसायला फडकं उचललं. पण दारात जीप थांबलीच.

गयाबाईंनी हात जोडले आणि वर पाहिलं.

"माय वं! थोरली आज कशी पाहून राह्यली! बारा सालांत अशी कई पाहिली नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आत या जरा."

सपलं. मास्तर मान खाली घालून स्वयंपाकघरात गेले.

"पॉलिश लावलं ना?"

"चुकलं वहिनी. पण दोनच हात फिरवले हो."

"दोन लय झाले. काजळ होतं ते."

"आं?"

"सात सालांखाली मी थोरलीले चिंचेनं खसाखसा घासलं, तवाच तिचे डोळे गेले. तवापासून दर साली चोरून काजळानं काढतो. म्हणून तर म्हनलं, पुसू नका."

"मंग मुखवटे सोडत काऊन नव्हत्या?"

"कोन्या तोंडानं सोडू? सगळ्याईले समजलं नसतं?" वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि एकदम हसल्या. "आता पक्का रंग झाला. सुटली मी. ठेवा बापा तुमच्याकडंच!"

मास्तरांना धाकटीचा शांत चेहरा आठवला. पुढल्या वर्षी तीही घासावी लागणार, आणि तिचेही डोळे जाणार. "नाही नाही वहिनी. थोरल्याचा मान थोरल्याकडंच शोभते. तुमीच न्या."

"असं कसं? हक्क हाय तुमचा. भांडून आनले तुमी."

"तुमीच न्या म्हनतो ना!"

बाहेर गयाबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, "पाह्य ना बाई, कालपर्यंत मुखवट्यापायी भांडत होते. आज एकमेकाले मान देऊन राह्यले. थोरलीनं नुसतं पाहिलं त एवढा फरक पडला!"