उपवासाला चालणारं झाडाचं पाणी

उपवास म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान दक्षाच्या वडिलांना फोनवर मी तसं छातीठोकपणे सांगून टाकलं. त्यांनी, म्हणजे अमृतकाकांनी, मला बघायला वाणगावला घरी बोलावलं होतं, तेही महाशिवरात्रीला. पसंत पडलो तर आमचं लग्न, नाहीतर दक्षासाठी वापीचं स्थळ तयारच!

"तुषारभाऊ, उपवासाला तुम्ही काय काय घेता?" काकांनी विचारलं.

"काही नाही! फक्त पाणी!"

काकांनी फोन ठेवला. मला वाटलं, मैदान मारलं! तेवढ्यात दक्षाचा फोन.

"अरे येड्या, शिवरात्रीला बाबा सकाळपासून खिचडी हाणतात. तुझ्यासाठी काय काय करायचं म्हणून विचारत होते ते!"

पण आता शब्द तोंडातून गेला होता. सरावलीतला माझा दोस्त मुकेश ताडी काढतो. त्याच्यापुढे रडगाणं गायलो.

"घाबरतो कशाला? नीरा पी! झाडाचं पाणीच ते. उपवासाला चालतं, पोटालाही आधार!"

शिवरात्रीला सूर्य उगवायच्या आत त्यानं गोड, थंडगार नीरेची बाटली माझ्या हातात ठेवली. "लगेच पी हां. ऊन लागलं की तिची ताडी होते," असं बजावलंही. पण मी म्हटलं, आत्ता पिऊन काय उपयोग? भूक लागेल तेव्हा पिऊ! बाटली स्कूटरच्या डिकीत टाकली, देवळाच्या रांगेत उभा राहिलो आणि ऐन दुपारी वाणगावला पोचलो.

काय सांगू तुम्हाला! ओटीवर खिचडीचं पातेलं, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, चिकूंनी भरलेलं ताट. घरातले सगळे तुटून पडलेले. आणि माझ्यापुढे? पाण्याचा तांब्या!

"शिका जरा!" दक्षाची आई, संगिताकाकू, नवऱ्याला म्हणाल्या. "केवढं कडक व्रत पोराचं!"

कडक व्रताच्या पोटात तेव्हा कावळे ओरडत होते. "स्कूटर सावलीत लावून येतो," म्हणून मी बाहेर सटकलो. बाटलीचं बूच फिरवलं तर फस्स! आंबट वास आला. मुकेशचं बोलणं आठवलंसुद्धा. पण एवढ्यात काय चढणार, असं म्हणून एका दमात रिकामी केली.

चढली! उपाशी पोटी अशी चढली, की ओटीवर परतलो तर दोन अमृतकाका बसलेले, आणि दोघंही खिचडीच खात होते. मला भरून आलं. त्यातले खरे वाटले त्या काकांच्या मी गळ्यात पडलो.

"काका! तुमची मुलगी मला द्या हो! ती नसेल द्यायची तर खिचडी तरी द्या!"

दक्षानं कपाळावर हात मारला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून मलाच हुंदका फुटला. वापीवाला जिंकला, एवढं त्या अवस्थेतही मला कळत होतं.

काकांनी माझं तोंड हुंगलं. 'तुम्ही'वरून ते थेट 'तू'वर आले.

"कुणाकडची प्यायलास?"

"सरावलीच्या मुकेशकडची."

"तरीच! त्याची लवकर चढते. दुपारची घ्यायचीच नाही कधी."

काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"तुम्हाला हो कसं माहीत?"

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि घाईघाईनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"अगं, ते राहू दे! आधी जमाईच्या तोंडात साखर घाल. आपल्याला पोरगा पसंत आहे!"

काकूंनी साखर आणली, पण अट घालूनच. "आमच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून रडला, म्हणजे मनाचा चांगला आहे. पण यानं जन्मात पुन्हा उपवास करायचा नाही! घे शपथ!"

मी घेतली. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं तर ताडावरसुद्धा चढलो असतो.

आता आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. दक्षा त्या शपथेला पक्की! शिवरात्र असो की एकादशी, घरभर तुपातल्या साबुदाण्याचा वास सुटतो. सासरे मुद्दाम वाणगावहून येतात, माझ्याकडे बघून डोळा मारतात आणि दोनदा मागून घेतात.

मला कुठे उपवास असतो? मला वरणभात!