नावाची जागा रिकामी

हेडक्लार्क निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. साखर चार, मीठ सात. पाचव्या दिवशी कुठल्या डब्यातून काय काढलं याची नोंद ठेवायला त्यांनी ओट्यापाशी वही टांगली, तेव्हा बायकोने पिशवी भरली.

"मी बहिणीकडे चालले."

"किती दिवस?"

"तुम्हाला काम मिळेपर्यंत."

"अगं, या वयात मला कोण काम देणार?"

"मग घरबसल्या स्वतःच काढा काहीतरी. चार पैसे आले तर नवा फ्रिज घेता येईल. दाराला नाडी बांधलेला फ्रिज अख्ख्या इमारतीत आपलाच आहे! आणि मुख्य म्हणजे तुम्ही माझ्या ओट्यापासून लांब राहाल."

हेडक्लार्कांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे अर्ज लिहिणं. पण ती अशी येत होती की, त्यांचा साध्या सर्दीच्या रजेचा अर्ज वाचून एकदा साहेब फुलं घेऊन घरी आले होते. त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं आणि दारावर पाटी लावली : 'येथे तक्रारअर्ज लिहून मिळतील.' बायकोने पिशवी रिकामी केली, पण हाताशी असावी म्हणून दारामागेच अडकवली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तळमजल्यावरचा शिंपी.

"साहेब, माझ्या डोक्यावर राहणारा तो..."

"नाव नको!" हेडक्लार्कांनी हात वर केला. "नाव कळलं की दया येते आणि दया आली की अर्ज पातळ होतो. नावाच्या जागी मी टिंबं देतो, घरी जाऊन तुम्ही भरा. त्रास तेवढा सांगा."

वरचा माणूस पहाटे दोरीवरच्या उड्या मारतो, असा त्रास निघाला. हेडक्लार्कांनी त्याचा असा भूकंप केला की शिंप्याला स्वतःचीच कीव आली. तासाभराने तो वरचा माणूसही आला. त्याला खालच्या शिलाई मशीनची घरघर सोसवत नव्हती. हेडक्लार्कांनी त्यालाही तेवढ्याच तळमळीने लिहून दिलं. दोघांनाही इमारतीच्या कमिटीची नोटीस आली, दोघेही अर्जावर बेहद्द खूश झाले आणि दोघांनी आणखी गिऱ्हाइकं पाठवली.

महिन्याभरात दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. तक्रार करणाऱ्याचा घसा कोरडा असतो, असं हेडक्लार्कांचं मत होतं, त्यामुळे दर दहा मिनिटांनी बाहेरून हाक जायची, "अगं, दोन चहा!" आलेली कमाई दुधातच जात होती. फ्रिजमध्ये पिशव्या मावेनात, म्हणून दाराला दुसरी नाडी लागली.

एकदा दुपारी बायको पदर खोचून बाहेर आली. "मला जरा बोलायचंय."

"नंबर लाव," हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले.

बायकोने खोचलेला पदर सोडला आणि ती आत गेली. तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला घडी घातलेला कागद घेऊन आला. "साहेब, एका बाईंचा अर्ज लिहायचाय. त्यांना येता येत नाही, हातातलं काम सुटत नाही. त्यांनी सांगितलं ते मीच उतरवून आणलंय."

"हरकत नाही. कुणाविरुद्ध ते सांगू नकोस. मुद्दे दे."

हेडक्लार्क वाचू लागले. नवऱ्याने घराची धर्मशाळा केली आहे. दिवसाला चाळीस कप चहा करावा लागतो. बोलायला गेलं तर नंबर लावायला सांगतो.

"नंबर? स्वतःच्या बायकोला?" हेडक्लार्कांचं पित्त खवळलं. "काय एकेक माणसं असतात बघ जगात! अगं, दोन चहा टाक!"

आतून कपबश्यांचा आवाज जरा मोठ्याने आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. हेडक्लार्क तर त्या मुसळाचं वर्णन करायला बसले होते. दोन तास खपून त्यांनी चार पानं लिहिली आणि उपाय सुचवल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही, म्हणून शेवटी पदरच्या मागण्या घातल्या. सदर इसमाने व्यवसाय दिवसातून दोनच तास करावा. चहा स्वतः करावा, कप स्वतः विसळावेत. अर्जदाराचे म्हणणे रोज सर्वांआधी, विनानंबर ऐकावे.

रविवारी चेअरमनच्या घरी कमिटीची सभा भरली. चेअरमननी अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. पहिल्या पानाला खोली शांत झाली, दुसऱ्याला शिंप्याने डोळे पुसले. पुढच्याच खुर्चीवर बसलेले हेडक्लार्क प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत होते.

"मंजूर करा!" ते उठून ओरडले. "असल्या माणसाला अजिबात दयामाया नको!" त्यांनी दोन्ही हात वर केले. ठराव एकमताने पास झाला.

"आता नाव वाचतो," चेअरमन म्हणाले आणि थांबले. त्यांनी कागद जवळ नेला, लांब धरला, मग चष्मा काढला. "हेडक्लार्क, हे तर तुमचं नाव आहे."

हेडक्लार्कांनी कागद हिसकावला. टिंबांवरचं गोल अक्षर त्यांनी तीस वर्षं वाणसामानाच्या यादीत पाहिलं होतं.

"अर्जात त्रुटी असणार!" ते म्हणाले.

"कोणती?"

त्यांनी चारही पानं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सभा ताटकळत बसली. शेवटी ते पडेल आवाजात म्हणाले, "नाही. अर्ज बिनतोड आहे."

घरी आल्यावर त्यांनी आधी दारामागे पाहिलं. पिशवी जागेवर नव्हती. इतक्या वर्षांत या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. तेवढ्यात बायको त्याच पिशवीतून कांदे काढत आतून आली.

"जाणार नाहीस ना?"

"आता कशाला? ठराव झालाय."

"अगं, मला नुसतं सांगायचं होतंस."

"नंबर येत नव्हता," बायको म्हणाली. मग जरा हळू म्हणाली, "अर्ज मात्र छान लिहिलात हो. मी दोनदा वाचला. माझे इतके हाल होतात, हे मलाही माहीत नव्हतं."

सोमवारी ठरावाप्रमाणे हेडक्लार्कांनी स्वतः चहा केला. साखर चार नंबरच्या डब्यातून घेतली. नंबर तसेच ठेवून बायकोने आतला माल कधीच आपल्या सोयीने हलवला होता, हे त्यांना कोण सांगणार?

शिंप्याने एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच ठेवला. गिळल्यावर म्हणाला, "साहेब, एक तक्रार आहे. चहाबद्दल."

हेडक्लार्कांनी ओले हात पुसले, खुर्ची ओढली आणि कोरा कागद पुढे घेतला.

"कुणी केला ते सांगू नका," ते म्हणाले. "त्रास तेवढा सांगा."

"थांबा!" बायको आपला कप खाली ठेवत आतून म्हणाली. "त्यावर माझीही सही घ्या."